कुंकू लावलेली लाल नळी

सोमवार, ५ जानेवारी. परभणी, सकाळी साडेआठ.

हजर: मी, माझे दीर विश्वासराव, ज्यांना मी तीस वर्षं भाऊजी म्हणते आणि जे तरुणपणी तीन वर्षं जपानमध्ये ओसाकाला एका कारखान्यात होते, आणि गफूरभाई, जे जीपचे मालक आहेत, चालक आहेत आणि आमच्या संस्थेचे प्लंबरही. गैरहजर: इमारत समितीचे उरलेले चार सदस्य. दोघांना थंडी बाधते, एकाचे गुडघे दुखतात, चौथ्यानं कारणही कळवलं नाही.

जायचं होतं आपल्याच जिल्ह्यात. पिंगळी, चुडावा आणि वालूर इथं आमच्या संस्थेची मुलींची वसतिगृहं आहेत. डिसेंबरात वालूरच्या वरच्या मजल्यावर सकाळी सहा वाजता आग लागली. एका मुलीनं बादलीत पाणी तापवायची कॉइल लावली होती, ती काढून चालूच गादीवर ठेवली गेली. भिंतीवर आगीसाठी बसवलेली लाल नळी होती, पण पेटीला कुलूप होतं आणि किल्ली गावात. मुलींनी बादल्या आणि ओल्या चादरींनी आग विझवली. एकीचा हात भाजला. नंतर समितीची बैठक झाली आणि ठराव मांडला गेला की वरचा मजला बंद करावा. तिथं अडतीस मुली राहतात. त्यांचं काय, तर त्यांनी घरी जावं.

मी म्हटलं, आधी बघून येते. ठीक आहे म्हणाले, शनिवारपर्यंत अहवाल द्या, तुमचा शब्द मानू. बघायला न येणारी माणसं शब्द फार पटकन मानतात.

हा विषय माझ्या डोक्यात ताजा होता. मी नोव्हेंबरअखेर परदेशातून परतले होते. नेदरलँड्समध्ये मुलीकडे, केतकीकडे, तीन महिने राहिले आणि येताना इंग्लंडमध्ये लेस्टरला मावसबहिणीकडे आठ दिवस. लोक तिकडून ट्यूलिपचे फोटो आणतात. मी भिंतींवरच्या नळ्यांची टिपणं आणली. केतकीच्या गावातल्या वाचनालयात, पोहण्याच्या तलावावर, तिच्या मुलाच्या शाळेत, जाल तिथं भिंतीवर नळी गुंडाळलेली लाल चकरी. काच नाही, कुलूप नाही, आतपर्यंत पाणी भरलेलं, आणि शेवटची तपासणी कधी झाली ते सांगणारी चिठ्ठी. मी वाचनालयातल्या बाईंना विचारलं, हिची किल्ली कोणाकडे असते? त्यांना प्रश्नच कळेना. केतकीनं दोनदा समजावला. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे आग लागल्यावर किल्ली शोधायची?" मी विषय बदलला.

इंग्रजांचं वेगळंच. लेस्टरच्या सभागृहात भिंतीत नुसता गोल कोनाडा होता, वरून रंग दिलेला. तिथल्या माणसानं सांगितलं की नळी होती, काढून टाकली. हातात नळी आली की माणूस शूर होतो आणि धुरात थांबतो, त्यापेक्षा त्यानं बाहेर जावं, विझवणारे येतील. मला तेव्हा वाटलं, लोकांवर भरवसा न ठेवण्याची यांची सवय जुनीच आहे.

पिंगळी

जीप निघाली तसं भाऊजींनी जपान काढलं. "वहिनी, आमच्या कारखान्यात नळीला दोन माणसं लागायची. एक नळी घेऊन पळायचा, दुसरा कॉकपाशी उभा. पहिला ओरडला की दुसऱ्यानं कॉक सोडायचा. वर्षातून दोनदा सराव, डोक्यावर टोपी घालून. नंतर एकट्यानं चालवायची नळी आली, तरी सराव चालूच."

"आपल्याकडे दोन माणसं लागतील अशी नळी दिली, तर पहिला दुसऱ्याची वाट बघत बसेल," मी म्हटलं.

"आन दुसरा चहाला गेलेला असंल," गफूरभाई म्हणाले.

पिंगळीचं वसतिगृह बैठं आहे. चकरी भिंतीवर होती, पण मोकळी. नळी खिडकीतून बाहेर गेली होती. तिचा माग काढत आम्ही मागच्या अंगणात पोचलो, तर स्वयंपाकीण कमलबाई मेथीच्या वाफ्यात उभ्या.

"ही आगीची नळी आहे ना?" मी विचारलं.

"हौ, त्येचीच हाय."

"मग मेथीत काय करायलीय?"

"पाणी पाजायलीय."

"आणि आग लागली तर?"

कमलबाईंनी माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "तर हितून उचलायची आन तिकडं न्यायची. हातातच हाय की."

टोकाचं नोझल केव्हाच हरवलेलं. त्यावर त्यांचा इलाज म्हणजे अंगठा. तो कसा लावायचा ते दाखवताना त्यांनी भाऊजींचा स्वेटर छातीपासून कमरेपर्यंत भिजवला. ओसाकात असं कधी झालं नव्हतं, असं भाऊजी म्हणाले. गफूरभाईंनी नळी स्वयंपाकघरात नेली, तिथं पोचली. शेवटच्या खोलीत नेली, तिथंही पोचली. पाण्याला जोर होता. मी वहीत लाल शाईनं लिहिलं: पिंगळी, नळीचा गैरवापर, ताबडतोब थांबवावा.

जेवायला त्याच मेथीची भाजी आणि ज्वारीची भाकरी होती. भाजी उत्तम होती. ते मी लिहिलं नाही.

चुडावा

मंगळवारी चुडाव्याच्या अलीकडे रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. बरोबर आणलेले धपाटे आणि दही तिथंच संपलं.

इथल्या अधीक्षिका सुनंदा वाघमारे, चाळिशीच्या, बारीक अंगाच्या. कार्यालयात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली मुलींच्या नावांचा तक्ता. इमारत दुमजली. जिन्यापाशी आगीची लाल पेटी होती. मी उघडली. आत नळी नव्हती. होता एक लोखंडी दांडा, एक शिट्टी आणि हजेरीपट.

"नळी कुठंय?"

"आली कुठं होती? पेटी बसवून गेले. नळी मागून पाठवतो म्हणाले. सात वर्षं झाली, मॅडम."

"तुम्ही लिहून कळवलं नाही?"

त्यांनी एक फाइल पुढं केली. नऊ पत्रं होती. शेवटची तीन माझ्याच समितीला, आणि त्यांतल्या एकावर पोच म्हणून माझी सही. मी परदेशी वाचनालयांतल्या चिठ्ठ्या वाचत फिरले आणि ही चिठ्ठी घरात पडून होती. हे इथं लिहायलाच हवं, म्हणून लिहिते.

"मग आग लागली तर काय करता?"

"दाखवते की." त्यांनी दांडा घेतला आणि व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर सणसणीत ठोके दिले. भंगारवाल्याकडून आणलेला तो तुकडा, पण आवाज असा की शेजारच्या शेतातले बगळे उडाले. दोन्ही मजल्यांवरून मुली उतरल्या. गडबड नाही, ओरडा नाही. मोठीच्या हातात धाकटीचा हात. लिंबाच्या झाडाखाली खोलीवार रांगा लागल्या. भाऊजी घड्याळ धरून होते: एक मिनिट पन्नास सेकंद. शेवटी एक पाचवीची मुलगी कंपासपेटी घेऊन आली.

"कंपास आधी का जीव आधी गं?" सुनंदाताईंनी विचारलं.

"नवी हाय, ताई."

"तू लय जुनी झालीस का?"

रांगा हसल्या. मुलगी पण हसली, कंपासपेटी पाठीमागं धरून. सुनंदाताईंनी हजेरी घेतली आणि मग माझ्याकडे वळल्या. "मॅडम, मला विझवायचं न्हाई. मला मोजायचंय. एकावन्न म्हणजे एकावन्न. इमारत जळली तर संस्था बांधंल."

लेस्टरचा तो कोनाडा मला आठवला. तिथं जे मला अविश्वासाचं वाटलं होतं, तेच इथं सुनंदाताईंच्या तोंडून ऐकताना तसं वाटेना. फरक एवढाच की इंग्रजांकडे बाहेर उभं राहिल्यावर पाच-दहा मिनिटांत बंब येतो. चुडाव्याला बंब येईपर्यंत मोजून झालेल्या मुली परत मोजता येतील. मी तसं म्हटलं.

"म्हणून नळी नको म्हणले का मी?" सुनंदाताई म्हणाल्या. "नळी पण द्या. नऊ डाव मागितलीय. पर नळी येईस्तोवर लेकरांनी जळायचं थांबवून ठिवायचं का?"

निघताना त्यांनी रुळाचा दुसरा एक तुकडा जीपमध्ये टाकायला लावला. वालूरला द्या म्हणाल्या.

वालूर

बुधवारी सेलूच्या रस्त्यानं. वालूरच्या अलीकडे गफूरभाईंच्या ओळखीच्या एका शेतात हुरडा मिळाला. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेली कणसं, तळहातावर चोळून काढलेले गरम दाणे, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. भाऊजींनी शेकोटीपाशी बसून विचारलं, ही भडकली तर पाणी कुठंय? शेतमालकानं विहीर दाखवली, मोटार दाखवली आणि पायाशी भरून ठेवलेली घागर दाखवली. तीन दिवसांत पाहिलेला आग विझवण्याचा सर्वांत चोख बंदोबस्त तो.

वसतिगृहाच्या अधीक्षिका मीनाक्षी, तिशीच्या आतल्या. त्या फाटकापाशीच उभ्या होत्या आणि चेहऱ्यावरून रात्रभर झोपलेल्या वाटत नव्हत्या. वरच्या मजल्यावर काळी पडलेली भिंत होती. तिथून अकरा पावलांवर लाल पेटी. काच स्वच्छ पुसलेली. कुलूप पितळी, चांगलं भक्कम.

"किल्ली?"

"आप्पांकडं असती."

आप्पा म्हणजे संस्थेचे गावातले सदस्य. अडतीचं दुकान आहे, साठी उलटलेली, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं मऊ. निरोप गेला. आम्ही चाळीस मिनिटं थांबलो. मी घड्याळ लावूनच थांबले, कारण आगीनंही एवढंच थांबायला हवं होतं. आप्पा स्कूटरवरून आले, पायऱ्या चढताना त्यांना दम लागला, आणि त्यांनी जानव्यासारखी गळ्यात घातलेली दोरी काढून किल्ली लावली.

आत नळी होती. नवीकोरी, गुंडाळलेली, कधीही न उलगडलेली. तिच्यावर वाळलेल्या झेंडूचा हार. कॉकवर हळदीकुंकवाची बोटं, एकावर एक, सहा दसऱ्यांची. नोझलला लाल दोरा.

"खंडेनवमीला उघडतो आमी," आप्पा म्हणाले. "समद्या हत्यारांची पूजा करतो. हिची बी करतो. नारळ फोडतो."

मी हात जोडले नाहीत. खंडेनवमीला सुतार करवतीची पूजा करतो, शेतकरी नांगराची. वर्षभर राबलेल्या हत्यारापुढं एक दिवस मान झुकवायची, यात मला काही वावगं वाटत नाही. पण जिनं सहा वर्षांत एक थेंब टाकला नाही, तिला कसला हार? डच लोक नळी टांगतात आणि वर्षाला तपासतात. जपानी तिच्याबरोबर पळायचा सराव करतात. इंग्रज ती काढून टाकतात आणि निदान तसं सांगतात. आम्ही तिला कुलपात ठेवतो, कुंकू लावतो आणि सुरक्षित झालो असं समजतो.

"आप्पा, कुलूप कशाला?"

"पितळ हाय, मॅडम. पयलं नोझल चोरीला गेलं. ही दुसरी खेप. जिम्मेदारी माझ्यावर हाय ना."

खोटं नव्हतं. आप्पांनी नोझल जपलं होतं, कारण त्यांना कोणी विचारलं तर नोझलबद्दलच विचारलं होतं. आमच्याच समितीनं.

गफूरभाईंनी नळी उलगडली आणि कॉक फिरवायला घेतला. कुंकवानं तो जाम झाला होता. पान्यानं फिरला. आम्ही सगळे नोझलकडे बघत उभे. काहीच आलं नाही. हवासुद्धा नाही.

"वर बघावं लागंल," गफूरभाई म्हणाले. गच्चीच्या दाराची किल्लीही आप्पांच्याच दोरीत होती. गच्चीवर लोखंडी घोडीवर पाच हजार लिटरची काळी टाकी. नळीचा पाइप जिन्याच्या भिंतीतून वर आला होता आणि टाकीच्या खाली, चार फुटांवर, संपला होता. टोकाला बूच.

"हे काय?" मी विचारलं.

गफूरभाई खाली बसून बघत राहिले. "जोडलाच न्हाई, म्याडम. कधीच न्हाई."

कुलूप उघडं असतं, किल्ली हातात असती, मुली नळी घेऊन धावल्या असत्या, तरी डिसेंबरात त्या सकाळी यातून काही आलं नसतं. आप्पा बुचाकडे बघत होते. "आमी कोरडीलाच नारळ फोडायलोत की," ते हळूच म्हणाले.

खाली आल्यावर मीनाक्षींनी एका मुलीला पुढं केलं. प्रणिता, दहावीची. उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत गुलाबी, ताणलेली कातडी. पेटती गादी हिनंच ओढून मोरीत नेली होती.

"मॅडम, वरचा मजला बंद करणार का?" तिनं सरळ विचारलं.

"ठरायचंय."

"मग मी सांगते. मार्चात बोर्डाची परीक्षा हाय. आत्ता घरी गेले तर परत येणं होत न्हाई. मामा स्थळ घिऊन बसलेत. आमच्यात पाच-सहा जणींचं असंच हाय. कॉइल मीच लावली होती. शिक्षा मला करा, मजल्याला कामून करता?"

मीनाक्षी म्हणाल्या, "ती पळाली असती तर मजला गेला असता, मॅडम. ती थांबली."

मला त्याचाच राग होता. पंधरा वर्षांच्या मुलीला थांबावं लागलं, कारण चाळीस वर्षांच्या अनुभवाच्या समितीनं चार फूट पाइप तपासला नाही. मजला बंद करणं आमच्यासाठी सर्वांत सोपं होतं. चूक आमची आणि घरी जायचं मुलींनी.

मी तिथंच पाच अटी लिहिल्या. पेटीला कुलूप नाही. खोलीत कॉइल नाही, पाणी खाली स्वयंपाकघरात तापेल. रुळाचा तुकडा आजच टांगायचा. आठवड्याला एकदा सराव. आणि नळीत पाणी. पाचही झाल्या तर मजला चालू, असा अहवाल मी देणार.

पहिली अट मी स्वतः पुरी केली. कुलूप काढून पर्समध्ये टाकलं. आप्पांनी दोरीतून ती किल्ली सोडवली आणि तीही दिली. खोल्यांतल्या कॉइली मीनाक्षींनी गोळा केल्या. रूळ गफूरभाईंनी व्हरांड्याच्या कडीला टांगला. पहिल्या सरावाला मुलींनी तीन मिनिटं घेतली, दोघी हसत बसल्या आणि एक न्हाणीतच राहिली. दुसऱ्या वेळी प्रणितानं ठोके दिले. दोन मिनिटं दहा. भाऊजींनी रांगेपुढं उभं राहून जपानी पद्धतीनं कमरेत वाकून नमस्कार केला. सगळ्या मुली उलट वाकल्या आणि नंतर पाच मिनिटं कोणाच्यानं हसू आवरेना.

उरला पाइप.

"घंटाभराचं काम हाय," गफूरभाई म्हणाले. "टाकीला खाली भोक, जोडायला एक निपल, चार फूट पाइप. वरच्या मजल्यावर जोर कमी राहील, पर पाणी येईल. पंप मागून लावू."

"पौष चाललाय," आप्पा म्हणाले. "नव्या कामाला हात लावत न्हाईत. आवस होऊ द्या."

"आप्पा, हे नवं काम नाही. सहा वर्षांपूर्वीचं राहिलेलं काम आहे."

त्यांनी विचार केला. "हे बी खरंच हाय. करा मग."

पण खरी अडचण पौषाची नव्हती. भोक पाडायचं तर टाकी रिकामी हवी, आणि वालूरला नळाला पाणी येतं आठ-दहा दिवसांनी. टाकीत आत्ता निम्मं पाणी. ते काढून ठेवायला दोनच पिंपं. सांडलं तर मुलींना नळाच्या पुढच्या पाळीपर्यंत प्यायला नाही. ठरलं असं की पाळी सोमवारी आहे, टाकी रविवारी तळाला जाईल, रविवारी सकाळी यायचं.

परतीच्या वाटेवर मी पिंगळीपुढची लाल ओळ खोडली. तिथं लिहिलं: नोझल द्यावं, नळी मेथीतच असू द्यावी. आमच्या तीन वसतिगृहांत पाणी येणारी नळी तेवढी एकच.

परत वालूर

रविवार, ११ जानेवारी. हजर: मी, गफूरभाई. भाऊजींना सर्दी, पिंगळीची.

फाटकातूनच दिसलं. दोऱ्या कपड्यांनी भरलेल्या, पायऱ्यांवर केस वाळवत बसलेल्या मुली, आवारात ओल. नळाला पाणी दोन दिवस आधी, शनिवारी दुपारीच आलं होतं. मीनाक्षींनी टाकी काठोकाठ भरली, दोन्ही पिंपं, सगळ्या बादल्या आणि स्वयंपाकघरातली पातेलीसुद्धा. आलेलं पाणी वालूरमध्ये कोण सोडतं? मीसुद्धा सोडलं नसतं.

"सांगा ना मॅडम, काय करायचं होतं मी," त्या म्हणाल्या.

गफूरभाईंनी पाइप गच्चीवर नेला आणि टाकीला टेकवून ठेवला. निपल प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाइपला बांधला.

अहवाल मी शनिवारीच दिला आहे. मजला चालू, पाच अटी, चार पूर्ण. समितीनं वाचून ठीक म्हटलं. सुनंदाताईंच्या नळीची मागणी त्याच पत्राला जोडली, या वेळी पोच मी घेतली. मीनाक्षी रोज सकाळी सातला फोन करून टाकीत पाणी किती ते सांगतात. मंगळवारी पाऊण होतं. आज अर्ध्याच्या जरा वर.

वहीत ओळ अशी आहे: वालूर, टाकी ते नळी, पाइप चार फूट, निपल एक. झाल्याची खूण करायचा पुढचा चौकोन कोरा.